स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइल फक्त बोलण्यापुरता वापरता. पण नातीने वाचून दाखवलं तर हे तुमच्या कानावर पडेल, म्हणून इथे लिहितेय.

दसरा झाला आणि माझ्या गिरणीने गळा काढला. बटण दाबलं की आधी किंचाळायची, मग दळण सुरू झालं की आतून घरघर. ओट्यावर चकलीच्या भाजणीचे तीसेक डबे, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि दर तासाला कोणीतरी दारात: "झालं का हो?"

तुमच्याआधी दोघे येऊन गेले. पहिला म्हणाला, "घरात कोणी पुरुष माणूस असेल तर बोलवा." बावीस वर्षं गिरणी मी चालवते, दगडाला टाकी मी लावते, आणि हा भिंतीशी बोलल्यासारखा! मोटारीवरून गिरणी फिरवणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एकच बदलून, पैसे घेऊन गेला. दुसऱ्याने पट्टे तंबोऱ्याच्या तारांसारखे ताणले. किंचाळणं थांबलं, घरघर दुप्पट झाली. मग म्हणे मोटार गेली, नवीन घ्या. पाच हॉर्सपॉवरची मोटार, दिवाळीच्या तोंडावर.

तुम्ही ठाण्याच्या वागळे इस्टेटहून कळवा पुलाची गर्दी काढत आलात. पाणीसुद्धा न पिता विचारलंत, "ताई, आवाज कसा येतो, तोंडाने काढून दाखवा." मी काढला. तुमच्याबरोबरचा पोरगा हसला, तुम्ही नाही. "सुरू करताना येतो की दळण पडल्यावर?" आठवडाभरात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

पट्टे उतरवून नुसती मोटार फिरवलीत, तर ती गपगुमान चालली. माझे पैसे तिथेच वाचले. पण काका, आभार त्याचे नाहीत. पट्टे पुन्हा चढवून, गिरणी चालू असताना लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तुम्ही बेअरिंगच्या घरावर टेकवलंत आणि मूठ कानाला लावलीत. मग उठलात आणि तो माझ्या हातात दिलात. "पदर खोचा, पट्ट्यापासून लांब राहा, आणि तुम्हीच ऐका. गिरणी तुमची आहे." एका बाजूला भुंग्यासारखी सरळ गुणगुण. दुसऱ्या बाजूला दाताखाली खडा आल्यासारखी करकर. अंगावर काटा आला. इतकी वर्षं गिरणी माझ्याशी बोलत होती, ऐकायचं कुठे ते आत्ता कळलं.

पुढचं सगळं नीट आठवत नाही. सुतळी धरून दोन्ही पुल्या एका रेषेत नाहीत हे दाखवलंत. जुन्या सैल पट्ट्याशेजारी नवा घातला की सगळा भार नव्यावर येतो, म्हणून जोडी एकदमच बदलायची, हे सांगितलंत. आधीच घरघरणारं बेअरिंग पट्टे अति ताणल्याने पार खराब झालं होतं. ते काढून माझ्या तळहातावर ठेवलंत, मग बिलाचा आकडा सांगितलात.

वागळे इस्टेटमध्ये आता काचेच्या इमारती झाल्यात. तिथल्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या तुमच्यासारख्यांना समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय कुठून लागली, देव जाणे. मशीन खोटं बोलत नाही, म्हणून असेल.

दिवाळीच्या आदल्या रात्री शेवटचा डबा गेला. पंधरा दिवसांनी ताण बघायला सांगितला होतात, काल मेन स्विच बंद करून बघितला. अंगठ्याने दाबलं की पट्टा बोटाच्या जाडीइतका खाली जातो. बरोबर ना? चुकत असेल तर या. तुमच्या वाटची भाजणी बाजूला काढून ठेवली आहे.

तुमची,
कळव्याची गिरणीवाली