नौकेबद्दल बाबांना

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नौकेचं ऐकल्यापासून तुमचा जीव टांगणीला लागलाय, असं ताई म्हणाली. म्हणून सविस्तर लिहितो.

नौका शिडाची, 28 फुटी, फायबरग्लासची, 1970च्या दशकातली. इतकी जुनी घेतोय, कारण तेव्हा फायबरग्लासचे थर सढळ हाताने देत आणि तळाशी वजनही भरपूर ठेवत. हिच्या एकूण वजनापैकी सुमारे चाळीस टक्के एकट्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड कण्यात आहे, म्हणून ती वाऱ्याने कितीही कलली तरी कील तिला पुन्हा उभी करायला बघते. 1979च्या फास्टनेट शर्यतीत, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडजवळच्या समुद्रातल्या शिडाच्या नौकांच्या शर्यतीत, भयंकर वादळ झालं, पंधरा खलाशी गेले. 303 नौकांपैकी 86 पोहोचल्या. सर्वांत लहान गटातली तर एकच, कॉन्टेसा 32 जातीची, आणि तो आराखडा त्याच दशकातला. मी अर्थातच हवामान बघून किनाऱ्याकिनाऱ्यानेच जाणार.

काल नौका तपासणाऱ्या सर्व्हेयरबरोबर दिवसभर होतो. डेकवर तो हलक्या हातोडीने ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. सगळीकडे टणक आवाज, डोलकाठीच्या बुडाशी मात्र बद्द. डेकच्या दोन थरांमध्ये बाल्साचं लाकूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं की ते कुजतं. वरचा थर कापून तेवढं लाकूड बदलायचं. कीलच्या बोल्टपाशी गंजाचे ओघळ नाहीत, सुकाणूही खुळखुळत नाही. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टीलच्या तारा मी नव्या घालणार. दिसायला त्या चांगल्या आहेत, पण जोडाच्या आत त्या गुपचूप झिजतात आणि एक तुटली तरी डोलकाठी आडवी होऊ शकते. तिथे काटकसर नको.

इंजिन जुनं आहे, चालतं. केबिनमध्ये चौघं झोपतील.

आता शर्यतींचं. अशा जड नौकेचा जास्तीत जास्त वेग तिची पाण्यालगतची लांबी ठरवते. हिची 23 फूट, म्हणजे जेमतेम साडेसहा नॉट (ताशी सागरी मैल). पण क्लबात प्रत्येक नौकेला हॅंडिकॅप, म्हणजे तिच्या वेगानुसार ठरवलेला आकडा असतो, लागलेल्या वेळेचा त्यावरून हिशेब करतात. मागून येणारी नौकाही जिंकू शकते, शिडं नीट ओढली आणि भरतीचा प्रवाह ओळखला तर. बाबा, मला हेच शिकायचंय.

लेखी अहवाल आल्यावरच व्यवहार पुरा करेन. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळ