78 दिवस नेमके कोणते?

महोदय,

राज्य कामगार विम्याचा हप्ता दरमहा पगारातून कापला जातो, तरीही आजारपणाचा भत्ता नाकारला गेला की कामगार गोंधळतो. घोळ बहुधा कालावधीचा असतो. फेब्रुवारीत आजारी पडल्यास जानेवारीचा हप्ता पाहत नाहीत. आदल्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये किमान 78 दिवसांचे अंशदान, म्हणजे हाच हप्ता, भरलेले लागते. जुलै ते डिसेंबरमधल्या आजारासाठी त्याआधीचे ऑक्टोबर ते मार्च हे महिने मोजतात. बिनपगारी रजा घेणाऱ्यांचे आणि कंत्राट सारखे बदलणाऱ्यांचे दिवस इथेच कमी पडतात. ते आजार येण्याआधीच ऑनलाइन खात्यात तपासावेत.

पात्र ठरल्यास सरासरी रोजाच्या 70 टक्के रक्कम, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. पहिल्या दोन दिवसांचे पैसे मिळत नाहीत. मात्र 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडल्यास ही अट लागू होत नाही.

या विम्यात येण्यासाठीच्या दरमहा 21,000 रुपयांच्या वेतनमर्यादेबद्दलही गैरसमज आहे. सहामाहीच्या मध्येच पगार वाढून ती ओलांडली, तरी सहामाही संपेपर्यंत हप्ता भरावाच लागतो. काही मालक तो लगेच थांबवतात. हा कामगाराच्या हक्कावरच घाला आहे, आणि त्याने तेव्हाच लेखी हरकत घ्यावी.