डेरियन लेकच्या चार दिवसांसाठी मावशींना आभारपत्र

आदरणीय मावशी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

२०१९ च्या जुलैअखेरीस अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात डेरियन लेकला आपण एकत्र घालवलेल्या चार दिवसांबद्दल तुमचे आभार मानण्याचा प्रयत्न मी आजवर तीन वेळा केला आणि तिन्ही वेळा तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय पालटलात. म्हणून आता लिहिते आहे, आणि कोणालाही वाचता यावे असे उघडपणे लिहिते आहे. उन्हाळ्यात आई-वडिलांना भारतातून इकडे बोलावणारी मराठी ख्रिस्ती कुटुंबे अनेक आहेत. म्हाताऱ्या माणसाला आणि वयात आलेल्या मुलाला एकाच सहलीला नेताना काय काय सांभाळावे लागते, हे तुमच्याकडून मला जसे शिकायला मिळाले, तसे त्यांनाही मिळावे, अशी माझी इच्छा आहे.

त्या वर्षी बाबा पहिल्यांदाच रॉचेस्टरला आमच्याकडे आले होते. नेवासे तालुक्यातल्या आमच्या गावच्या मंडळीत चाळीस वर्षे ज्यांनी रविवारच्या उपासनेत पेटी वाजवली आणि भजनाला झांज धरली, त्या माणसाला इथल्या घरात दिवसभर करण्यासारखे काहीच नव्हते. आमचा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तो चर्चला यायचे टाळू लागला होता, खोलीचे दार लावून गिटार वाजवत बसायचा, आणि आजोबांशी त्याचे बोलणे "जेवलास का" आणि "हो" एवढ्यावरच संपायचे. फोनवर हे सगळे मी तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही कोणताही उपदेश केला नाही. "किंग्डम बाउंडला येताय का, मी तंबूची जागा घेऊन ठेवते," एवढेच म्हणालात.

किंग्डम बाउंड हा १९८७ मध्ये सुरू झालेला ख्रिस्ती संगीताचा उत्सव आहे आणि तो बफेलो आणि रॉचेस्टर यांच्यामध्ये असलेल्या डेरियन लेक या करमणूक उद्यानात भरतो, हे मी बाबांना सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एकाच तिकिटात दिवसा रोलर कोस्टर आणि संध्याकाळी उपासना, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. प्रभूच्या नावाने गर्दी जमवायची आणि शेजारी पाळणे फिरवायचे, याला भक्ती म्हणायचे का, असे त्यांनी मला दोन-तीन वेळा विचारले. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्येही १९८३ पासून असा कार्यक्रम होत असे, हे मी सांगून पाहिले, पण त्याने त्यांचा विरोध उलट वाढलाच. माझ्याजवळ दुसरे उत्तर नव्हते. तुमच्याजवळ होते.

तुम्ही फोनवर त्यांना विचारलेत, "दादा, तुम्ही हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला कधी गेलाय का?" श्रीरामपूर तालुक्यातले हरेगाव आमच्यापासून फार लांब नाही. आम्ही प्रोटेस्टंट असलो तरी मारियामातेच्या सप्टेंबरातल्या त्या कॅथलिक यात्रेला आजूबाजूच्या गावांतून सगळेच जातात, आणि लहानपणी बाबाही जायचे. मग तुम्ही पुढे विचारलेत की तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू असताना बाहेर खेळण्यांची दुकाने, रेवड्या आणि आकाशपाळणा असतो की नाही, आणि त्यामुळे कोणाची प्रार्थना अडते का. बाबा बराच वेळ गप्प राहिले आणि नंतर म्हणाले, "सिस्टर, आमच्या आजोबांच्या वेळी चर्चमध्ये ढोलकी आणू द्यायची की नाही, यावरूनसुद्धा भांडणे झाली होती." ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली. तुम्ही त्यांना हरवण्यासाठी तो प्रश्न विचारला नव्हता. यायचे की नाही, हे ठरवणे तुम्ही त्यांच्यावरच सोडलेत आणि ते आपणहून तयार झाले. बॅगेत त्यांनी पवित्र शास्त्र, भजनाची वही आणि झांजांची जोडी भरली.

रविवारी दुपारी आपण पोहोचलो, तेव्हा तंबू ठोकण्याच्या जागेवर चर्चच्या तरुण संघांच्या बसगाड्या ओळीने उभ्या होत्या. जुलैअखेरीस तिकडे रात्री पावणेनऊच्या सुमाराला सूर्य मावळतो. बाबा सात वाजल्यापासून दर थोड्या वेळाने घड्याळ आणि आकाश आळीपाळीने पाहत होते, हे तुम्हाला आठवत असेल. त्याच रात्री मोठा पाऊस झाला आणि आम्ही घाईने विकत घेतलेला तंबू शिवणीतून गळू लागला. मी टॉवेल पिळत बसले होते, तेवढ्यात तुम्ही विजेरी घेऊन आलात, बाबांना हाताला धरून तुमच्या कॅम्परमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, नेलेत, स्वतःचा पलंग त्यांना दिलात आणि गुडघे दुखत असताना तुम्ही स्वतः बाकावर झोपलात. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले, तेही बाबांकडून.

सोमवारी दुपारी जे घडले, त्याबद्दल मला अधिक लिहायचे आहे. मुलगा सकाळपासून रोलर कोस्टरच्या रांगांमध्ये होता. पाच वेळा उलटे फिरवणारा, १९८२ पासूनचा व्हायपर आणि तलावाकाठचा दोनशे फुटांहून उंच राइड ऑफ स्टील यांपुढे त्याला जगात काही दिसत नव्हते. बाबा सावलीत बसलेले असल्यामुळे मी निश्चिंत होते. तुम्ही मात्र त्यांच्याकडे पाहत होता. बाकावरून उठताना त्यांनी टेकू शोधला एवढेच तुम्ही पाहिलेत, लगेच त्यांना परत बसवलेत, नाडी धरलीत, जीभ दाखवायला सांगितलीत आणि मग अगदी हळू आवाजात विचारलेत, "दादा, सकाळपासून पाणी किती प्यायलात?" लघवीला वारंवार जावे लागते, स्वच्छतागृह लांब आहे आणि मुलीला सारखे उठवायला लाज वाटते, म्हणून बाबांनी सकाळपासून जेमतेम अर्धा पेला पाणी घेतले होते. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त होते, हे मला ठाऊक होते. उन्हात त्या गोळीचा काय परिणाम होईल, हा विचार मी केला नव्हता.

उद्यानातल्या प्रथमोपचार केंद्रात त्यांचा रक्तदाब बसून आणि उभे करून असा दोनदा तपासला, तेव्हा उभे राहिल्यावर तो बराच खाली येतो, हे दिसले. नळाचे पाणी आणि साखर-मिठाच्या पुड्या मागून तुम्ही तिथेच जलसंजीवनी तयार केलीत. एक लिटर पाण्याला चहाचे सपाट सहा चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तुम्ही मला तीनदा म्हणायला लावलेत. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकताना तुमच्याकडून ते असेच पाठ करून घेतले होते, असेही म्हणालात. त्यानंतर आमच्या डॉक्टरांना फोन लावून त्या गोळीचे काय करावे, हे माझ्याकडून विचारून घेतलेत. स्वतःच्या अंदाजाने गोळी बंद करू नका, असेही बजावलेत. दोन तासांत बाबांच्या चेहऱ्यावर तजेला आला. पण माझ्या मनावर अधिक खोल ठसली ती तुम्ही त्यानंतर केलेली गोष्ट. तुम्ही आमची खुर्च्यांची जागाच बदललीत आणि स्वच्छतागृहापासून वीस पावलांवर सगळे सामान हलवून घेतलेत. पाणी न पिण्याचे खरे कारण तिथे होते, आणि ते कारण तुम्ही काढून टाकलेत.

कानांचीही काळजी तुम्ही तशीच घेतलीत. संध्याकाळी सुमारे वीस हजार माणसांच्या त्या खुल्या रंगमंचावर मोठ्या वाद्यवृंदांचे कार्यक्रम होते आणि मुलांना ध्वनिक्षेपकांच्या पुढ्यात उभे राहायचे होते. फोमच्या कानबोळ्यांची पिशवी उघडून तुम्ही त्यांना समजावलेत की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो, पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होत जाते आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. आमचा मुलगा आईचे ऐकत नव्हता, पण हा हिशेब त्याला पटला. गिटार वाजवणाऱ्याला कान आयुष्यभर पुरवायचे असतात, हे तुम्ही त्याला समजुतीने सांगितलेत, आणि आजही तो कानबोळ्या खिशात ठेवल्याशिवाय कार्यक्रमाला जात नाही. बाबांना घेऊन आपण मागच्या हिरवळीवर अगदी शेवटी बसलो होतो. तिथे संगीत ऐकू येत होते आणि शेजाऱ्याशी बोलताही येत होते. शब्द त्यांना कळत नव्हते. ज्या ओळी पुन्हा पुन्हा येत, त्या तुम्ही मराठीत सांगत होता. एका गीतात सगळा समुदाय वाद्ये थांबवून नुसत्या आवाजात गाऊ लागला, तेव्हा बाबांनी टोपी काढली आणि गीत संपेपर्यंत ते उभे राहिले. त्यांनी त्याबद्दल नंतर काही म्हटले नाही आणि तुम्हीही त्यांना विचारले नाही.

मंगळवारी सकाळचा प्रसंग मी अनेकांना सांगितला आहे. चहा झाल्यावर तुम्ही बाबांना म्हणालात, "काल आम्ही त्यांची गीते ऐकली. आज तुम्ही एक भजन म्हणा." बाबा संकोचले. पेटी नव्हती. तुम्ही आमच्या मुलाला हाक मारून आजोबांचा सूर गिटारवर शोधायला सांगितलेत. त्याला तो लगेच सापडला नाही. बाबांनी पहिली ओळ चार वेळा म्हटली, पट्टी एकदा खाली घेतली, आणि मग त्याच्या बोटांखाली एकच तार तंबोऱ्यासारखी वाजत राहिली. बाबांनी झांज धरली. शेजारच्या तंबूंतली तरुण मुले येऊन उभी राहिली, धृपदाची एक ओळ त्यांनी कानाने उचलली आणि चुकीच्या उच्चारांत, पण अगदी अचूक ठेक्यावर, ती म्हणू लागली. मराठी भजनाची ओळ पुढचा सांगतो आणि मागचे झेलतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. ज्या देशातून ते लोक आले, त्या देशातली मुले बाबांच्या मागे मराठी भजन म्हणत आहेत, हे पाहून मला रडू आवरले नाही, आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता माझ्या हातात कपबशी दिलीत.

त्यानंतर आजोबा आणि नातू यांच्यात सगळे एकदम जुळले, असे मी म्हणणार नाही. पण बुधवारी परतण्यापूर्वी मुलाने स्वतःहून आजोबांना विचारले की मोठ्या पाळण्यात बसायचे का. १९८२ च्या नॉक्सव्हिलच्या जागतिक प्रदर्शनातून तिथे आणलेला तो १६५ फुटांचा पाळणा बाबांनी चार दिवस लांबून पाहिला होता. त्यांना पुन्हा चक्कर तर येणार नाही ना, म्हणून मी अडवणार होते. तुम्ही त्यांची नाडी पाहिलीत, त्यांना पाणी प्यायला लावलेत आणि म्हणालात, "जाऊ दे त्यांना." खालून आपण दोघी पाहत होतो. वर गेल्यावर बाबा हात लांब करून नातवाला काहीतरी दाखवत होते. काय दाखवले, असे मी घरी आल्यावर विचारले तेव्हा मुलगा म्हणाला की आजोबा त्यांच्या गावाची दिशा शोधत होते आणि दोघांनी मिळून ती सूर्यावरून ठरवली.

मावशी, या सगळ्यासाठी मी तुमची अत्यंत ऋणी आहे. तुमचा पलंग, तुमचे ज्ञान, तुमचे चार दिवस आणि तुमचा संयम तुम्ही आम्हाला दिलात, आणि यातले काहीही मोजून दिले नाहीत. बाबांना आज तुमच्यामुळे पाणी मागायला लाज वाटत नाही. गेल्या वर्षी उन्हाळ्यात गावात लग्नाला आलेल्या दोन म्हाताऱ्यांना त्यांनी स्वतः साखर-मिठाचे पाणी करून पाजले आणि प्रमाण तोंडपाठ सांगितले. दर शनिवारी फोन आला की ते आधी "सिस्टरचे गुडघे कसे आहेत?" असे विचारतात. तुम्ही मला खरे सांगत नाही, त्यामुळे मी त्यांना काय उत्तर द्यावे, हे आता तुम्हीच कळवा.

त्यांचा आणखी एक निरोप आहे. घाईत तुमच्या कॅम्परमध्ये राहिलेल्या झांजा तुम्ही परत पाठवण्याबद्दल विचारले होते. त्या तुमच्याकडेच ठेवाव्यात आणि वाजवाव्यात, असे त्यांनी सांगितले आहे. त्यातल्या एका झांजेची दोरी झिजली आहे, ती तेवढी बदलून घ्यावी, आणि नवी दोरी सुतीच असावी, कारण नायलॉनने बोट कापते.

आपली नम्र,
रॉचेस्टरची तुमची भाची