ऑपरेशननंतरचं दुखणं आणि कपाटातल्या सहा गोळ्या : आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातली. मे महिन्यात माझे वडील आंब्याच्या कलमावरून पडले. वय सत्तरीच्या पुढे, तरी आंबे उतरवायची घळ दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा हट्ट. खुब्याचं हाड मोडलं. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे माणसं अशी पडतात आणि बरेचदा फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठतात. आम्हीही गेलो. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल शब्द नाही. बोलायचंय ते घरी आल्यानंतरच्या दिवसांबद्दल.

औषधांच्या पिशवीत ट्रामाडॉल होतं. "दुखलं की द्या," एवढंच सांगितलं. हे अफूच्या कुळात मोडणारं औषध, याने मळमळतं, गरगरतं, पोट बांधतं, हे कुणी बोललं नाही. बाबांना चार दिवस शौचाला झालं नाही. ताज्या टाक्यांनिशी कुंथणं काय असतं ते भोगलेल्यालाच विचारावं. पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यायचं असतं, हे आम्हाला पाचव्या दिवशी गावच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी सांगितलं. त्यांनीच विचारलं, आणखी काय घेतात? बाबा कित्येक वर्षं झोपेची गोळी घेतात. दोन्ही एकत्र पोटात गेली की श्वास मंदावू शकतो. आदल्या रात्री हाका मारूनही ते नीट जागे होत नव्हते, आणि आम्ही मायलेकी खूश होतो की चला, आज शांत झोपले.

मग घाबरून आम्ही सगळंच बंद केलं. तीही चूकच. दुखतं म्हणून बाबा कूस बदलेनात, पाऊल टाकेनात. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायात रक्ताची गुठळी होते, छातीत कफ साठतो. दुखणं कमी करायचं ते लाड म्हणून नव्हे, माणसाने उठून चालावं म्हणून. त्यासाठी दर वेळी अफूच्या कुळात शिरावं लागतं असंही नाही. ठरल्या वेळी पॅरासिटामॉल, मूत्रपिंडं धड असतील तर सुजेवरची गोळी, ऑपरेशनच्या वेळीच नस बधिर करणारं इंजेक्शन, एवढ्यावर बरंच भागतं. उरलेल्या दुखण्याला थोडे दिवस, मोजून, ती कडक औषधं.

अमेरिकेत ही औषधं सैल हाताने वाटली गेली आणि घरंच्या घरं व्यसनात बुडाली. आपल्याकडे दोन टोकं एकाच वेळी दिसतात. एकीकडे न समजावता हातात दिलेली पाकिटं, दुसरीकडे मॉर्फिनचं, म्हणजे अफूतून निघणाऱ्या कडक वेदनाशामकाचं, नाव काढलं की कपाळाला आठ्या. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की बऱ्याच रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने ते सोडवलं: राज्याच्या औषध नियंत्रकांची एक मान्यता आणि प्रशिक्षित डॉक्टर असला की पुरे. ज्या अफूतून मॉर्फिन निघतं ती मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानेच पिकते. मग आमच्या किनाऱ्यावरच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांपैकी किती जणांनी ही मान्यता घेतली, याची यादी आपण जाहीर कराल का? जिथे मॉर्फिन असेल तिथे श्वास मंदावला तर लागणारं नॅलोक्सोनही हवं, आणि तापाबरोबर दुखणं किती आहे त्याचाही आकडा लिहिणारी सिस्टर.

दुसरी मागणी फुकटात होण्यासारखी आहे. डिस्चार्जबरोबर मराठीत एक पान सक्तीचं करा. गोळी किती, किती दिवस, कधी कमी करायची, दारू आणि झोपेची गोळी का नको, किती गुंगी आली की थेट दवाखाना गाठायचा. आमच्याकडे उरलेली गोळी शेजारच्या काकांच्या गुडघ्याला जाते, तिथून मच्छीमार जेटीवर कुणाच्या कंबरेला. वाईट हेतू कुणाचाच नसतो.

बाबा आता काठी घेऊन अंगणात फिरतात. ट्रामाडॉलच्या सहा गोळ्या आमच्या कपाटात उरल्या आहेत. २०१८पासून हे औषधही त्याच अमली पदार्थ कायद्याखाली आलंय. त्या कुठे जमा करायच्या, तेवढं कळवावं.

आपली नम्र,
एका बागायतदाराची मुलगी, देवगड तालुका