आई-बाबा, काका माझ्याकडे राहायला येतायत

प्रिय आई आणि बाबा,

आधीच सांगते म्हणजे जिवाला घोर नको, इकडे सगळे बरे आहेत, पोरं बरी आहेत, तुमचे जावईही बरे आहेत. फोनवर सांगणार होते, पण बाबा फोनवर "बरं, ठेवतो" म्हणतात आणि मग माझं पुढचं सगळं घशातच राहतं, म्हणून लिहायला बसले. आई, तूच वाचून दाखवशील ना, तर सावकाश वाच आणि शेवटपर्यंत वाच, मधेच बाबांच्या चेहऱ्याकडे बघून थांबू नकोस.

पुढच्या बुधवारी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि त्यानंतर महिनाभर ते माझ्याकडे राहणार आहेत. हे ठरलंय. त्यांनी मागितलं नव्हतं, मीच या म्हटलं, दोनदा म्हटलं तेव्हा कुठे हो म्हणाले.

तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला खूप वाईट वाटतंय. गेले तीन आठवडे रोज तुमच्याशी बोलते आणि रोज हे सोडून बाकी सगळं बोलते, आणि फोन ठेवला की स्वतःचाच राग येतो. पण बाबांचं आणि काकांचं इतकी वर्षं बोलणं नाही, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग तुमचा शब्द मोडून मला हे करावं लागलं असतं, ते मला याहून जड गेलं असतं. निदान मी मनाला तसं समजावते. चुकलं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन.

काकू गेल्यापासून ते घरात एकटेच असतात हे तुम्हालाही कुणाकडून तरी कळत असणारच. ऑपरेशननंतर दिवसातून चार-पाच वेळा डोळ्यात थेंब घालायचे असतात, वेळ चुकवायची नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. हात थरथरणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यात थेंब कसे घालायचे? मी घरीच असते, मला काय जड आहे त्यात, असा मी साधा विचार केला. म्हणजे सुरुवात तिथून झाली असं मी सगळ्यांना सांगते, पण खरी सुरुवात तिथून नाही, ते पुढे लिहिते.

त्याआधी तुमच्या खोलीचं. तुमची खोली कुणालाही दिलेली नाही. काका पोरांच्या खोलीत झोपतील, पोरं हॉलमध्ये, त्यांना उलट मजाच वाटतेय. आईची पातळ उशी कपाटात वरच्या खणात तशीच आहे, शालही तिथेच. खिडकीपाशी बाबांची खुर्ची आहे तिथेच राहील, काकांसाठी दुसरी ठेवलीय. बाथरूममधला स्टूल, भिंतीवरची पकडायची दांडी, सगळं जागच्या जागी. तुम्ही नेहमीच्या वेळेला येणारच आहात आणि तोवर काकांचा महिना संपलेला असेल, तारखा मी मुद्दाम तशाच बघितल्या. तारखा एकत्र आल्या असत्या तर मला काय वाटलं असतं ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहितेय.

आता खरं कारण. बाबा, आठवतंय, मी सात-आठ वर्षांची असेन, तुम्ही मला बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं, २ पेत्र १:५ ते ७, पाठ करून घेत होतात? बोटांवर. अंगठा विश्वास, मग सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर, इथे एक हात संपायचा, मग दुसऱ्या हातावर सुभक्ती, बंधुप्रेम आणि प्रीती. विश्वास धरून आठ. मी प्रत्येक वेळी सुभक्तीवरून थेट प्रीतीवर उडी मारायचे आणि तुम्ही माझं त्या दोघांमधलं बोट हलकेच दाबून म्हणायचात, "मनू, हे राहिलं." मला ते बोट अजून जाणवतं. आई दारात उभी राहून हसायची आणि मग झोपताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, तो हात मला झोप लागेपर्यंत उचलायचा नाही असा माझा हट्ट असायचा.

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी विश्वासात वाढतेय. रोजचं वाचन आहे, उपासना चुकत नाही, गायनात आहे, कमाईचा दशांश वेळेवर देते, कुणाच्या घरी दुखणं असलं की धावते. हे खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण दीड वर्षापूर्वी आम्ही चार बायकांनी दर आठवड्याला भेटायला सुरुवात केली, शिष्यत्वाचा ग्रुप म्हणा, त्यात वाचन असतं आणि मग एकमेकींना खरं सांगायचं असतं, बस. तिथे एकदा असं निघालं की ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो ती नावं सगळ्या लिहितात, पण ज्यांच्यासाठी करता येत नाही ती नावं लिहा. मी कागद कोरा दिला. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की मी खोटं वागले, कारण कागद हातात घेतल्या घेतल्या एकच नाव डोळ्यासमोर आलं होतं, काकांचं.

पुढच्या आठवड्यात सांगितलं. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाई आहेत त्या एवढंच म्हणाल्या, रोज त्यांचं नाव घेऊन प्रार्थना कर, काय होतं ते मला सांग. मला वाटलं, हे काय कठीण आहे. पहिले कित्येक आठवडे माझी प्रार्थना म्हणजे, प्रभू, त्यांना त्यांची चूक कळू दे. भांडणातल्या त्या कागदांचं, आजीच्या बांगड्यांचं, सगळं मी देवाला नव्याने सांगायचे जणू त्याला माहीतच नाही. मग कधीतरी नुसतंच, त्यांची तब्येत बरी ठेव. मग एका सकाळी माझ्या तोंडून आलं, प्रभू, मी त्यांना फोनवर जे बोलले होते त्याची मला क्षमा कर. हे मी ठरवलं नव्हतं. बाबा, ते मी काय बोलले होते ते तुम्हाला माहीत नाही, काकू आजारी असताना बोलले होते, आणि आठवडाभराने काकू गेली, आणि आपण गेलो नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की इतकी वर्षं मी तुमची बाजू घेतेय असं समजून माझा स्वतःचा राग पाळत होते.

मग मी मत्तय १८ पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्या भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, असं येशूला विचारणारा त्याचा शिष्य पेत्रच आहे. आणि पुढे पेत्राच्याच पत्रात बंधुप्रेमाची भर घाला असं येतं. सातावर बोटं थांबवणाऱ्या माणसाला तिथपर्यंत यायला किती दिवस लागले असतील, मधे येशूला ओळखतच नाही म्हणणारा तो अंगणातला शेकोटीजवळचा नकार आहे, कोंबड्याचं आरवणं आहे, किनाऱ्यावर तीन वेळा विचारलेला, माझ्यावर प्रीती करतोस का, हा प्रश्न आहे. मला याचा इतका धीर आला म्हणून सांगू. म्हणजे ही यादी त्याने बसल्या जागी लिहिलेली नाही, त्याच्या अंगावरून गेलेली आहे.

आणि त्याच अध्यायातला तो कर्जाचा दाखला. एका चाकराला १०,००० तलांत माफ होतात आणि तो दुसऱ्याचा १०० दिनारांसाठी गळा धरतो. एक दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एक तलांत म्हणजे साधारण ६,००० दिनार, म्हणजे पहिल्याचं कर्ज ६ कोटी दिवसांच्या मजुरीचं, कुठल्याच जन्मात न फिटणारं. लहानपणापासून मी ऐकत आले की पहिल्याच्या मानाने दुसऱ्याचं कर्ज काहीच नाही. पण बाबा, १०० दिवसांची मजुरी काहीच नाही असं नसतं हो. तीन-चार महिन्यांची कमाई आहे ती, त्यात घर चालतं. प्रभूने ते कर्ज खोटं होतं असं कुठेच म्हटलेलं नाही. तुमचं जे गेलं ते खरंच गेलं. तुम्ही धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन शाळेत नेलंत आणि त्यानेच तुम्हाला तसं वागवलं, ते दुखणं खरं आहे आणि मी त्याला लहान म्हणत नाहीये, कृपा करून तसं वाचू नका. मी फक्त माझ्या १० हजार तलांतांकडे बघतेय.

मी चांगली वागून देवाकडे काही जमा करतेय असंही नाही, तारण कृपेने आहे हे तुम्हीच शिकवलंत. पण पौलाने आत्म्याचं फळ म्हटलंय, फळं नाही म्हटलं, एकवचन आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन, हे सगळं मिळून एक. मला शांती हवी होती आणि ममता एका माणसापुरती नको होती. ते तसं येत नाही, मी नऊ वर्षं करून बघितलं. आणि बाबा, तुम्हाला आवडतो तो पौलसुद्धा मार्क नावाच्या सोबत्यावरून बर्णबाशी एवढा भांडला की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या, आणि शेवटी तीमथ्याला लिहितो, मार्काला बरोबर घेऊन ये. समेट कसा झाला ते कुठेच लिहिलेलं नाही. कुणी कुणाला आधी हाक मारली, कळत नाही.

मी गेले काकांकडे. एकटीच गेले. दार त्यांनीच उघडलं, मला ओळखायला त्यांना वेळ लागला, डोळ्यांमुळे. मी जे बोलले होते त्याची माफी मागितली, फक्त माझ्या बोलण्याची, तुमच्या वतीने एक शब्द बोलले नाही, तुमचं ते तुमचं आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पहिलं काय विचारलं माहितेय? "दादाचं बीपी कसंय?"

त्यांनीही माफी मागितली का असं आई विचारेल. नाही मागितली, निदान त्या दिवशी नाही. मला वाटलं होतं की त्याने मला राग येईल, तसा थोडा आलाही, खोटं कशाला सांगू. पण मी ठरवलेलं काम ते नव्हतं. क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघं लागतात, आणि दुसरा माझ्या हातात नाही. तुम्हीही माझ्या हातात नाही आहात, हे मी लिहिते तेव्हा मनापासून लिहिते. तुम्ही फोन करा असं म्हणण्यासाठी हे पत्र नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत तरी मी तुमचीच आहे आणि तुमच्यावरचं प्रेम तसूभरही कमी होणार नाही. काका घरात आहेत म्हणून तुमचा मान कमी होईल असं एकही वाक्य माझ्या घरात बोललं जाणार नाही, मी तुमच्या जावयांनाही सांगून ठेवलंय.

आता ऐका. बाबा, हे वाचून झाल्याझाल्या बीपी मोजू नका, पाच-दहा मिनिटं शांत बसा, पाय खाली टेकवून, मग मोजा आणि वहीत लिहा. गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, मागच्या वेळी काय झालं ते विसरू नका. छातीत जड वाटलं, घाम आला, तर "बघू सकाळी" नाही, लगेच शेजारी हाक मारायची आणि मग मला फोन. आई, तू गुडघ्याचे व्यायाम करतेस असं सांगतेस पण करत नाहीस, मला आवाजावरून कळतं. पॅसेजमधला नाइट लॅम्प रात्रभर चालू राहू दे, बिलाची काळजी करू नकोस. माळ्यावरचं काही काढायला स्टूलवर चढायचं नाही, दोघांनीही. आणि बाबा, तुमचेही डोळे या महिन्यात तपासून घ्या, चष्मा दोन वर्षं बदललेला नाही. तारीख मीच घेते, तुम्ही फक्त जा. रागात असलात तरी जा.

जास्त बोलले असेन तर माफ करा. कधी कधी मला वाटतं मी तुम्हाला उपदेश करतेय, आणि मग आठवतं की यातलं एक अक्षर माझं नाही, सगळं तुमच्याच बोटांवरून आलेलं आहे. आई, तू माझ्यासाठी रोज प्रार्थना करतेस ना, तीत या महिन्यात काकांचा डोळा घालशील का? नाव घ्यायला जड जात असेल तर नुसता डोळा म्हण.

रात्रीचे शेवटचे थेंब साडेआठला असतील. ते घातले की थोडा वेळ डोळे मिटून बसायचं असतं, काका तेव्हा हॉलमध्येच बसतील, आणि मी तुम्हाला रोजच्यासारखा तेव्हाच फोन करीन. वेळ बदलणार नाही, तुमची सवय मोडायला नको. फोन मी कानालाच धरीन, तुम्ही सांगेपर्यंत स्पीकरवर टाकणार नाही.

तुमची,
मनू