भूतानचे बाराशे आणि सिंहगडचे शंभर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात भूतानला जाऊन आलेल्या एका वाचकाचे पत्र वाचले. माणशी, रोज रात्रीचे बाराशे रुपये भरावे लागले, घरातली चार माणसे, म्हणजे केवढी रक्कम झाली पाहा, आणि ‘मित्रदेशाकडून ही अपेक्षा नव्हती’, असा त्यांचा सूर आहे. मी पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीसाठी सहली घेऊन जाते. भूतानचे ग्रुप बहुतेक माझ्याकडेच येतात; ज्येष्ठ नागरिक जास्त, मे महिन्यात कुटुंबेही असतात. सहलीआधीच्या मीटिंगमध्ये हे बाराशे रुपये मला दरवेळी समजावून सांगावे लागतात, आणि दरवेळी मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतेच, “अहो, पण कशाचे?” त्यामुळे या विषयावर चार ओळी लिहायचा हक्क मला आहे असे समजते. चारच्या जास्त होतील, तेवढे चालवून घ्या.

आधी एक गैरसमज. भूतान दरवर्षी मोजून अमुक इतक्याच लोकांना आत घेतो, असे पुष्कळांना वाटते. तसा काही आकडा ठरलेला नाही. १९७४ साली, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी, त्यांनी परदेशी पर्यटकांना दार उघडले आणि पहिल्या वर्षी तीनशेसुद्धा लोक आले नाहीत. तेव्हापासून त्यांचे धोरण एकच, माणसे थोडी यावीत आणि मागे पैसा बरा सोडून जावीत. परदेशी माणसाला दिवसाला दोनशे-अडीचशे डॉलरचे पॅकेज घ्यावेच लागे, त्यात हॉटेल, जेवण, गाडी, गाइड सगळे आले. २०२२च्या सप्टेंबरात कोविडनंतर दार पुन्हा उघडले तेव्हा त्यांनी पॅकेजची सक्ती काढली आणि नुसते शुल्कच दोनशे डॉलर केले. हॉटेल वगैरे तुमचे तुम्ही बघा. वर्षभरात ते निम्मे करावे लागले. ती शंभर डॉलरची सवलत ऑगस्ट २०२७पर्यंत आहे.

या सगळ्यातून आपण भारतीय इतकी वर्षे बाहेर होतो. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, सीमेवरच्या फुन्शोलिंगला परमिट घ्या आणि जा. (आधार चालत नाही. हे मी मीटिंगमध्ये सांगते, व्हॉट्सॲपवर टाकते, फोन करून सांगते, तरी सीमेअलीकडच्या जयगावच्या हॉटेलात कोणीतरी लॅमिनेट केलेले आधार कार्ड माझ्यापुढे धरतेच.) परिणाम असा झाला की २०१९ साली भूतानला जे सुमारे तीन लाख पंधरा हजार लोक गेले, त्यातले सव्वादोन लाखांच्या वर भारतीय होते. त्या देशाची सगळी लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. ‘थोडे पर्यटक’ म्हणून जगात गाजलेला देश आपण भरून टाकला होता. बाराशेचा कायदा २०२०च्या सुरुवातीला झाला तो यामुळे. मध्ये कोविड आला म्हणून आपल्याला ते पैसे प्रत्यक्ष भरावे लागले २०२२पासून. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना काही नाही.

पत्रलेखकांनी २०१९चे दोचुला पाहिले असते तर त्यांचा राग थोडा उतरला असता. थिंफूहून पुनाखाला जाताना तीन हजार मीटरच्या वर ही खिंड लागते. तिथे १०८ छोर्तेन, म्हणजे बौद्ध स्तूप, आहेत. २००३ साली आसामच्या अतिरेक्यांना भूतानच्या जंगलातून हुसकताना जे सैनिक पडले, त्यांच्या स्मरणार्थ ते राजमातेने बांधवले. म्हणजे एका परीने ती हुतात्म्यांची जागा, आणि ती लढाई आपल्यालाही उपयोगी पडलेली. ऑक्टोबर २०१९मध्ये त्यातल्या एका छोर्तेनवर शिडी लावून वर चढून फोटो काढून घेणारा पर्यटक भारतीय होता. तेही महाराष्ट्रातला, मोटरसायकलवरून गेलेला. भूतानच्या पोलिसांनी त्याला अडवून ठेवले, त्याने माफी मागितली, सुटला. त्यानंतर मी ग्रुप घेऊन गेले तेव्हा आमचा गाइड बसमध्ये नेहमीचे सगळे बोलला, हे एक सोडून. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनीच विषय काढला, “तो आपल्याकडचाच होता ना हो?” गाइड हसला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. मला तरी त्या दिवशी त्याच्याशी नजर मिळवणे जड गेले.

आता कशाचे बाराशे, तर उत्तर सरळ आहे. ते हॉटेलवाल्याचे नाहीत, आमच्या कंपनीचे नाहीत, गाइडचेही नाहीत. ते त्यांच्या सरकारी तिजोरीत जातात. तिथे शाळा आणि दवाखाना लोकांना फुकट आहे, आणि देशाचा साठ टक्के भाग कायम जंगलाखाली राहिला पाहिजे असे २००८च्या राज्यघटनेतच लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात जंगल त्याहून जास्त आहे. फोबजिखाच्या दरीत हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. त्यांचे पंख तारांत अडकू नयेत म्हणून त्या दरीत विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. खर्च वाढला, तरी नेल्या. गंगखर पुएन्सुम हे साडेसात हजार मीटरच्या वरचे शिखर त्यांच्याकडे आहे, आजवर कोणी सर केलेले नाही, आणि गिर्यारोहणावर तर २००३पासून पूर्ण बंदीच आहे. आमच्या ग्रुपमधले एक जुने गिर्यारोहक हे ऐकून इतके हळहळले, की त्यांना थिंफूत नीट जेवण गेले नाही.

पण मला पैशापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे माझ्या ग्रुपचा कोणीतरी जबाबदार असतो. परमिटवर नावे असतात, कुठे जाणार ते लिहिलेले असते, आणि परवाना असलेला गाइड बरोबर असतो. आमच्यातल्या कोणी वेफर्सचे पाकीट टाकले तर तो आधी स्वतः उचलतो आणि मग टाकणाऱ्याकडे बघतो. तक्त्संगला, म्हणजे आपण ‘टायगर्स नेस्ट’ म्हणतो त्या कड्यावरच्या मठात, मोबाइल आणि पिशव्या दारातच ठेवायच्या. तिथे वाद घालणारे आमच्यात निघतातच (“एक फोटो, पटकन!”), आणि गाइड त्यांना आवाज न चढवता परत पायऱ्यांवर आणून बसवतो. पर्यटकाने आगळीक केली तर आपला परवाना अडचणीत येईल, ही धास्ती त्याला असते.

भूतान म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारी माहितीपत्रके आमच्याच कंपनीत छापतात. दोनशे डॉलर लावल्यावर परदेशी लोक आटले, कर्ज काढून हॉटेले बांधलेले लोक मेटाकुटीला आले, म्हणून तर शुल्क खाली आणले. तरुण मुले ऑस्ट्रेलियाला चालली आहेत. आमचा एक उत्तम गाइड, ज्याला ‘पुढचे पाऊल सावकाश’ इतके मराठी आमच्या आज्यांनी शिकवले होते, आता पर्थला आहे. आणि बाराशेची चाळणी कोणाला अडवते तेही मी पाहिले आहे. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि त्यांच्या पत्नी नाव नोंदवायला आले होते. दोघांचे सहा रात्रींचे १४,४०० रुपये वरचे ऐकून त्यांनी हिशेब केला आणि सिक्कीमच्या ग्रुपमध्ये नाव घातले. छोर्तेनवर चढणाऱ्यातली ती माणसे नव्हेत. ज्याच्याकडे महागडी मोटरसायकल आहे त्याला बाराशेने काय फरक पडतो? म्हणून, पैसे वाढवले की गर्दी आपोआप शहाणी होते, हे मला पटत नाही.

मग मला काय पटते, त्यासाठी सिंहगडावर यावे लागेल.

माझे माहेर सिंहगडाच्या पायथ्याच्या डोणज्याचे. पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्यापासून पुढे गाड्यांची जी रांग लागते ती मी माहेरच्या ओट्यावरून बघत आले आहे. वन विभागाच्या नाक्यावर दुचाकीला ५० आणि चारचाकीला १०० रुपये घेतात. गाडीत पाच माणसे असली तर माणशी वीस रुपये झाले. मला ते थोडे वाटतात असे नाही. पण ते घेतल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. वर किती गाड्या आधीच आहेत, वाहनतळात जागा आहे का, कोण कधी उतरणार, याचा पावतीशी संबंध नाही. घाट तुंबला की मग वरची वाहने खाली येईपर्यंत खालच्यांना थांबवतात. तोवर माणसे कठड्यावर बसून कणसे खातात, बुरखुंडे दरीत टाकतात. पीएमपीने, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेने, मे २०२२मध्ये खासगी गाड्या खाली थांबवून वर ई-बस सोडल्या होत्या, तेव्हा मला खरेच वाटले की झाले काम. बस कमी, चार्जिंगची सोय अपुरी; पंधरवड्यात ते गुंडाळले आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आपल्याकडे दोनच तऱ्हा आहेत, एक तर मोकळे रान, नाही तर बंदी. जुलै २०२३मध्ये एका रविवारी लोहगडावर इतके लोक चढले की वाटेत तासन्‌तास हलता येईना. तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. १५ जून २०२५ला, तोही रविवारच, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. असे काही झाले की जमावबंदीचे आदेश निघतात, धबधब्यावर पोलीस उभे राहतात, आणि दोन-चार आठवड्यांत सगळे विरते. २०२५च्याच जुलैत लोहगड, राजगड, रायगड, शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. पेढे वाटले, ठीक आहे. आता तिथे गर्दी वाढणार की घटणार, याचे उत्तर द्यायला युनेस्कोची गरज नाही.

मोकळे रान आणि बंदी यांच्या मधली वाट आपल्याच राज्यात आहे, आणि त्यासाठी भूतानमधल्या पारोचे विमान पकडावे लागत नाही. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसे, ऑनलाइन नोंदणी, तिकीट दीडशे. हे सगळे कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा तिथल्याच गावांच्या समित्या बघतात. गडबडी तिथेही होतात. शनिवार-रविवारी वशिला लावणारे भेटतात. पण आकडा आहे, तो लोकांना माहीत आहे, आणि भरला की भरला.

सिंहगडला आणि लोहगडला जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी एवढेच करा. सिंहगडच्या गोळेवाडी आणि कोंढणपूर नाक्यांवर वेळेच्या ठरावीक पाळ्या लावा, एका पाळीत वाहनतळात मावतील तेवढ्याच गाड्या सोडा, नोंदणी आदल्या दिवशी होऊ द्या, आणि दर आहे तोच ठेवा. आतकरवाडीच्या पायवाटेने चढणाऱ्याला पैसे नकोत, नोंद मात्र हवी. महाराजांच्या गडावर जायला परवानगी कसली, असे म्हणणारे उठतील, त्यांनी ध्यानात घ्यावे की गडाला पूर्वी दरवाजे होते आणि ते सूर्यास्ताला बंद होत. मतदार कार्ड दाखवून दुसऱ्या देशात शिरताना जे निमूट रांगेत उभे राहतात, ते आपल्या गडाच्या पायथ्याला का राहणार नाहीत?

माझी वहिनी गडावर दही विकते. तिला हे सांगितले तेव्हा ती आधी बिथरलीच. “वन्सं, माणसं कमी केलीत तर मडकी कोणाला विकू?” मग तिनेच सांगितले, की ज्या रविवारी घाट तुंबतो त्या रविवारी मडकी तशीच परत येतात, लोक गाडीतच अडकतात, वर पोचले तरी उतरायच्या घाईत असतात. बऱ्यापैकी धंदा होतो तो गुरुवारी-शुक्रवारी, कोणी ओळखीचा ग्रुप सावकाश आला की. तेव्हा कासप्रमाणे इथेही समिती केली, तर तिच्यात अशी माणसे बसवा, आणि त्यांतल्याच पोरांना परवाने देऊन गाइड करा. तानाजी मालुसऱ्यांचा कडा कुठला हे त्यांना पाठ आहे, आणि कोणी बाटली टाकली तर त्याला हटकायचा अधिकार त्यांच्या गळ्यातल्या कार्डाने मिळेल. आज तो कोणालाच नाही.

भूतानच्या बाराशेबद्दल तक्रार करणाऱ्या वाचकांना मी दोष देत नाही, चार जणांचे पैसे जास्त होतात हे खरेच. फक्त त्यांनी पुढचे पत्र वन विभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लिहावे, ही विनंती. मी माझे पाठवले आहे, पोच अजून आलेली नाही.

माझे नाव छापू नये. मेच्या भूतान ग्रुपचे बुकिंग चालू आहे, आणि सिंहगडावर जायला रांग लावा म्हणणारी बाई आपली टूर मॅनेजर आहे हे कळले तर आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न येईल, “मॅडम, सीटा भरायच्यात ना?”

आपली,
एक टूर मॅनेजर,
सहकारनगर, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)