‘रेसिडेंट इव्हिल’ आणि मोजून मिळालेली काडतुसं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत ‘रेसिडेंट इव्हिल’ या झोंबींच्या भयगेममालिकेवरून सध्या चांगलीच जुंपली आहे. एरवी आपल्याकडे व्हिडिओ गेम छापून येतो तो व्यसनाच्या बातमीत, त्यामुळे ही पत्रं छापल्याबद्दल आधी आभार. एका वाचकाच्या मते चौथ्या भागापासून मालिकेचा सत्यानाश झाला. दुसऱ्यांचं म्हणणं, जुने भाग आता कुणाच्यानं खेळवत नाहीत, तेव्हा उगीच उमाळे काढू नका. हाच वाद शंकरनगरच्या चहाच्या ठेल्यावरही ऐकू येतो, फक्त तिथली भाषा आपल्याला छापता येणार नाही. जुन्या भागांत कॅमेरा एका जागी असायचा, चौथ्यापासून तो पात्राच्या खांद्यामागे गेला. दोन्ही बाजू या कॅमेऱ्यावरून भांडताहेत आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकते.

1996 साली प्लेस्टेशनवर पहिला भाग आला. हवेलीच्या प्रत्येक खोलीत कॅमेरा एका जागी खिळलेला, वळणापलीकडे काय उभं आहे ते दिसायचं नाही. जुन्या मंडळींना वाटतं भीती तिथून यायची. थोडीफार यायचीही. पण खरी धास्ती सामानाची होती. खेळायला दोन पात्रं, क्रिस आणि जिल. क्रिसजवळ 6 वस्तू मावतात, जिलजवळ 8. पिस्तूल, काडतुसं, औषधी पाला, किल्ल्या, सगळं त्यातच. गेम सेव्ह करायचा तर टाइपरायटर गाठायचा, आणि त्याची शाईची रिबनही मोजकीच. म्हणजे इथे सुटकेचा निःश्वास टाकायलासुद्धा पदरचं खर्चावं लागतं.

2002 मध्ये हाच भाग नव्याने केला, तेव्हा दिग्दर्शक शिंजी मिकामींनी ही पकड आणखी आवळली. गोळ्या घालून पाडलेला झोंबी तसाच सोडला तर काही वेळाने तो लाल होऊन उठतो आणि या वेळी धावत येतो. त्याला कायमचं संपवायचं तर डोकं उडवा, नाहीतर जाळा. जाळायला रॉकेल आणि लायटर दोन्ही जवळ हवं, आणि रॉकेलच्या बाटलीत मावतं थोडंसंच. मग त्या बोळात उभं राहून हिशेब सुरू होतो: इथून परत किती वेळा जायचंय? याला जाळू की जिन्याजवळच्याला? राक्षस अजून समोरही नाही आणि तळहाताला घाम फुटलेला असतो.

दुसऱ्या भागात (1998) तर ही टंचाई लिऑन आणि क्लेअर या दोन पात्रांत एकाकडून दुसऱ्याकडे जायची. पोलीस ठाण्यातल्या कपाटात मशीनगन आणि सामान वाढवणारी पिशवी असते. पहिल्या पात्राने दोन्ही उचललं, तर त्याच रात्री पुढे येणाऱ्या दुसऱ्याला कपाट रिकामं. 2019 ची नवी आवृत्ती मला मनापासून आवडते. खिडक्यांना ठोकायच्या फळ्या खिडक्यांपेक्षा कमी, आणि वरच्या मजल्यावर पाठलाग करणाऱ्या मिस्टर एक्स या राक्षसाच्या बुटांचा तो आवाज! (मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तो ऐकू येत नाही. नागपूरकरांनी हेडफोन लावूनच खेळावं.) पण लिऑन आणि क्लेअरच्या कहाण्यांची ती जुनी गुंफण इथे उसवली आहे. दोघं तीच कोडी सोडवतात, त्याच राक्षसाला दोनदा मारतात. याची चुटपुट अजून जात नाही.

आता चौथा भाग, 2005 चा. गोळ्या भरपूर, दारात व्यापारी हजर, खेळाडू फारच मार खायला लागला तर गेम गुपचूप सवलतही देतो. तरी त्या गावात पहिल्यांदा शिरताना छाती धडधडते ती का? कारण लिऑनला नेम धरायचा तर पाय रोवून उभं राहावं लागतं. चालता चालता गोळी झाडता येत नाही. सामानाची अडवणूक सैल केली, पण पायांत बेडी ठेवली. पाचव्या भागातही ती बेडी आहे, पण सोबतीला सतत एक जोडीदार. एकटेपण गेलं की भीती निम्मी झाली, त्यातून तो जोडीदार संगणकाच्या भरवशावर असला तर आपला औषधी पालाही तोच संपवणार! 2012 च्या सहाव्या भागाने मात्र पळता पळता गोळीबार, लोळण, लाथाबुक्क्या असं सगळंच मोकळं सोडलं. पडद्यावर चार-चार कथानकं, स्फोटांवर स्फोट आणि भीतीचा मागमूस नाही. त्यावर टीका करणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

पण म्हणून सातवा भाग ‘मालिकेत बसतच नाही’ असं लिहिणाऱ्या वाचकाला विचारावंसं वाटतं, बेकर कुटुंबाच्या त्या घरात आपण काय वेगळं करतो? पिशवी छोटी, गोळ्या मोजक्या, दारं कुलूपबंद. फक्त आता पाहायचं ते पात्राच्या डोळ्यांनी. शेवटी जहाजावर गेल्यावर त्याचा दम जातो, शत्रूही तेच ते, हे खरं. आठव्या भागात, ‘व्हिलेज’मध्ये, बेनेविएंतो या खलनायिकेच्या घरात शस्त्रंच काढून घेतात. तो भाग रात्री एकट्याने खेळून मग बोलावं. उलट तिसऱ्या भागाची 2020 ची आवृत्ती दिसायला देखणी, पण घंटाघरातला अख्खा टप्पा छाटला आणि पाठलाग करणारा राक्षस नेमेसिस ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी येणारा पाहुणा करून टाकला. तिथे चाहत्यांनी ओरड केली ती रास्तच होती.

मालिकेतला ‘कोड व्हेरोनिका’ हा जुना भाग नव्याने काढावा, या मागणीवर माझीही सही समजा. टंचाई अंगाशी येते ती कशी, हे तिथे विमानातल्या टायरंट या धिप्पाड राक्षसाशी लढताना कळतं: काडतुसं संपली असतील आणि नेमकं तिथेच सेव्ह केलेलं असेल, तर खेळ पहिल्यापासून. नव्या आवृत्तीत स्टीव्ह या पात्राचं रडगाणं कापलं तरी चालेल, संवादही नव्याने लिहावेत. विमानाला मात्र हात लावू नये.

आपला,
एक वाचक
प्रतापनगर, नागपूर